बोटात रुतलेली अंगठी

मु. टाकळी, ता. पाथर्डी
८ नोव्हेंबर २०२४

आरती,

पत्रात पहिली खुशाली लिहायची रीत हाय, पन आज मी ती लिहीत न्हाई. मी खुशाल न्हाई, आन तू असशील तर मला वाईट वाटंल.

भाऊबीजेला तू भरल्या घरात माझ्या भावाच्या पुढचं ताट उचललंस. ओवाळून झालं, पुरनपोळीचा पहिला घास मी कानिफाच्या तोंडात घातला, दुसऱ्याला हात नेला तर ताट जाग्यावर न्हाई. शेजारची रंगुबाई बघत हुती. 'यांना शुगर आहे अक्का, पुरे झालं,' म्हनालीस. पुरे झालं हे ठरवनारी तू कोन? आई गेली तवा कानिफ पाटीवर अक्षरं गिरवत हुता. चुलीपुढं बसून त्याला घास भरवले ते मी. तुझा तवा जन्म तरी झाला हुता का?

म्हनून मढीच्या नाथासमोर शपथ घेतली, ह्या बाईशी बोलनार न्हाई. लिहिनार न्हाई असं काई म्हनले न्हाई, म्हनून हे लिहितेय. पोरगा आन सून कोयता घेऊन कारखान्यावर गेलीत, घरात मी एकटीच हाय, तवा लिहायला सवड बी हाय.

बिभीषन कर्जतच्या बाजाराला टेम्पो घेऊन येतो, त्याच्याजवळ डिंकाचे लाडू धाडलेत. त्यात साखरेचा कन न्हाई. गुऱ्हाळावरनं आनलेला गूळ हाय. गुळानं कुनाला शुगर हुत न्हाई, तुझ्या डॉक्टरला बी सांग.

आन एक कबूल करते, लई नाइलाजानं. कानिफ तोंडावर भरलाय. गाल वर आलेत, मनगटं जाड झालीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातचं त्याच्या अंगाला लागलं म्हनायचं.

मुक्ताबाई


कर्जत
२४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

नमस्कार. रीत तुम्हीच मोडलीत, तेव्हा मीही खुशाली विचारत नाही.

तुमचे लाडू माझ्या हाती लागलेच नाहीत. बिभीषणभाऊंनी डबा आमच्या दूध संकलन केंद्रावर दिला आणि तो तिथेच राहिला. परवा फॅट तपासायच्या मशीनमागे सापडला, निम्मा रिकामा. ते मशीन दुधातलं पाणी पकडतं, माझ्या नवऱ्याची चोरी काही पकडत नाही.

अक्का, तुमचा मुलगा जो ऊस तोडतो त्याचीच साखर होते आणि त्याचाच गूळ होतो. रक्तात गेल्यावर दोन्ही सारखेच. हे मी यांना शंभरदा सांगितलं. पण मी सांगितलं की ती कटकट होते, आणि तुम्ही पाठवलं की ती माया. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललंय. माझी भाकरी अक्कासारखी पातळ नाही, माझ्या आमटीला अक्कासारखी चव नाही. तुमचा फोन आला की यांचा आवाजसुद्धा बदलतो. माझ्याशी बोलायला दुधाचे दर आणि तुमच्याशी बोलताना हसू. मला याचा राग येतो, अगदी जळफळाट होतो. चेहरा लपवायची मला सवय आहे, पण कागदावर कशाला लपवू?

आणि हेही काही साधे नाहीत. रक्त तपासायचं ठरलं की आदले दोन दिवस दूध नाही, भात नाही, कोरा चहा. मग रिपोर्ट चांगला आला की तो डॉक्टरांपुढे नाचवतात आणि गोळ्या कमी करून मागतात. आता डॉक्टर बाईंनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिलीये. तिच्यापुढे दोन दिवसांचा उपास चालत नाही म्हणे. मला कधी एकदा ती होतेय असं झालंय.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. तोंडावर भरलाय, तुझ्या हातचं अंगाला लागलं. ते वाचलं आणि पत्र देवघरात नेऊन ठेवलं. तुमच्या तोंडून एवढं ऐकायला मला इतकी वर्षं लागली, कितीही नाइलाजाने का म्हटलं असेना.

आरती


टाकळी
१२ जानेवारी २०२५

आरती,

कानिफ काल येऊन गेला, एकटा. तू आली न्हाईस ते बरंच झालं. त्याला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, खारं लोनचं, सगळं केलं. लई न्हाई जेवला. तुझ्या धाकानं पोट आखडलंय त्याचं.

पन मला बोलायचंय ते दुसरंच. त्याच्या बोटात अंगठी न्हाई.

ती अंगठी माझ्या आईच्या पुतळीच्या सोन्याची केलेली. त्याच्या लग्नात मी स्वताच्या हातानं घातली, तू बाजूलाच बसली हुतीस आन तुझं तोंड तवाच उतरलेलं मी बघितलं हुतं. त्या दिवसापास्नं ती त्याच्या बोटातनं निघालेली न्हाई. आता निघाली. इचारलं तर म्हनतो, 'असू दे गं अक्का, घरी हाय.' खाली मान घालून म्हनतो. मी काय दूधखुळी हाय का? ताट उचललंस, आता अंगठी बी उतरवलीस. उद्या फोनातनं माझं नाव पुसशील. बहिनीचं एक एक करून सगळं काढून घ्यायचं आन त्याला उघडा करून आपल्या पदराला बांधायचा, हाच तुझा डाव हाय ना?

गुडघा दुखतो म्हनत हुता. मी घेते त्याच दुखन्याच्या गोळ्या इथल्या मेडिकलातनं आनून पाकीटभर दिल्या. तू काळजी घेत न्हाईस तर मला घ्यावी लागती. माझी स्वताची तब्येत कुठं धड हाय? घशाला सारखी कोरड पडती, परवा पायात काटा मोडला तर रगत दिसल्यावर कळलं. पन मी कुनाला सांगत बसत न्हाई.

अंगठी काढायला लावलीस ती मी इसरनार न्हाई.

मुक्ताबाई


कर्जत
३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

हे पत्र भांडायला लिहीत नाही.

अंगठी मी उतरवली नाही. ती बोटात रुतायला लागली होती. साबण लावला, तेल लावलं, निघेना. शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून यांनी सांगितलं नाही. मी तिचे दोन तुकडे रुमालात बांधून ठेवलेत. खरं सांगते, सोनार कापत होता तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. म्हटलं, माझ्या हातचं खाऊन बोटं भरली आणि अक्कांची अंगठी तोकडी पडली. गल्लीत दोघीतिघींना सांगितलंसुद्धा.

तीन महिन्यांची तपासणी झाली, साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टर बाईंनी यांना पाय वर घ्यायला सांगितलं आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तर तिथे खळगा तसाच. मळलेल्या कणकेत बोट दाबावं तसा. मग त्यांनी लघवीला फेस येतो का विचारलं. हे म्हणाले, येतो की, बरेच दिवस झाले. त्यांनी आम्हाला नगरला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कळलं की लघवीतून प्रोटीन जातंय आणि दोन्ही किडन्या निम्म्याहून कमी काम करतायत.

अक्का, ते भरलेले गाल म्हणजे पाणी होतं. तुम्ही ज्याबद्दल मला शाबासकी दिलीत आणि मी जे देवघरात ठेवलं, ते पाणी होतं.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं बरीच वर्षं राखता येतं. शुगर आणि बीपी ताब्यात पाहिजे, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, मीठ कमी, लोणचं-पापड बंद. आणि दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट पाहून ते इतके चिडले की मला तुमचं नाव सांगवेना. त्या गोळ्या किडनीला फार वाईट. तुम्हीही घेऊ नका.

त्यांनी विचारलं, आई कशाने गेली. यांना काही आठवत नाही. एवढे दिवस मी हट्टाने तुम्हाला काही विचारलं नाही, पण हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. सांगा.

आरती


टाकळी
१० फेब्रुवारी २०२५

आरतीबाई,

तुझं पत्र रंगुबाईनं वाचून दाखवलं. पयल्यांदा मीच वाचलं, पन माझा इश्वास बसंना, म्हनून तिला वाचायला लावलं.

आईचं सांगते. आईला गोडाची लई आवड. ती लघवीला बसायची त्या मोरीत सारख्या मुंग्या लागायच्या, आमी त्यावर हळद टाकायचो. कुनाला इचारलं न्हाई, मुंग्या का लागतात म्हनून. मग एका दिवाळीत तिचं तोंड भरलं. गल्लीतल्या बाया म्हनायच्या, मुक्ते, तुझी आई सुधारली गं, इतक्या वर्षांत अशी कदी दिसली न्हाई. मला लई आनंद झाला हुता. मग पाय सुजले, मग पोट. आडवं पडलं की धाप लागायची. गावात म्हनले, अंगावर पानी आलं. शिमग्याच्या आत गेली.

तेच तोंड मी भाऊबीजेला बघितलं, आरती. ह्या डोळ्यांनी आईचं बघितलं हुतं, तरी मला वळखू आलं न्हाई. तुझा दुस्वास करन्यात माझं सगळं ध्यान. त्याचं तोंड बघून बी मला तूच दिसत हुतीस.

आता ऐक. त्याला किडनी लागंल. माझी द्यायची. रंगुबाईच्या भाच्याला त्याच्या बहिनीची बसली, चालतोय फिरतोय. रक्ताची हाय, लगेच जुळंल. तू ह्यात पडू नको. तू लग्नाची, मी सख्खी.

मी बिभीषनला सांगितलंय, पुढच्या बाजाराला टेम्पोतनं कर्जतला येते.

मुक्ता


कर्जत
१९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

येऊ नका. अजून किडनी द्यायची वेळ आलेली नाही. मी डॉक्टरांना तुमचं विचारलं तर ते म्हणाले, इथे कुणी कुणाची किडनी मागितलेली नाही, आधी यांचं मीठ बंद करा.

पण वेळ आली, तर मी देईन. हे आताच लिहून ठेवते.

तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, मान्य. त्यांच्या बोटात तुमची अंगठी, जिभेवर तुमची चव, हसू तुमच्या फोनला. आता त्यांच्या पोटातही तुम्हीच जाऊन बसणार? मग मी कुठे राहायचं? सकाळी रक्ताचा थेंब काढते मी, मिठाशिवाय आमटी करते मी, त्यावरून तोंडं वाकडी केलेली बघते मी. लग्नाची आहे, म्हणून एवढं करतेय. रक्ताची नाही म्हणून मागे सरायचं, हे मला जमणार नाही.

आणि द्यायला निघालात, तर तुमची धड आहे का ते तरी बघा. जानेवारीतल्या पत्रात तुम्ही लिहिलंय, घशाला कोरड पडते, पायात काटा मोडला तर कळला नाही. यांनाही पहिल्यांदा असंच होत होतं. आईला होतं, भावाला आहे, तुम्ही काय आभाळातून पडलात? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, रक्त द्या, लघवी द्या. रिपोर्ट चांगला आला तर मी मागे सरते. तोंडाने म्हणाल ते मी ऐकणार नाही, कागद पाठवा.

आरती


टाकळी
२३ मार्च २०२५

आरती,

कागद सोबत हाय. बघ आन हास.

तुला हरवायचं म्हनून गेले. उपाशीपोटी गेले, रांगेत पयली. शुगर कानिफापेक्षा बी जास्त निघाली. मी म्हनले यंत्र खोटं हाय, परत करा. परत केलं तर तेच. मग कानिफ मला नगरला त्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. लघवीत प्रोटीन नुकतंच दिसाया लागलंय म्हनाले. म्हनाले, मावशी, तुमी वेळेत आलात, आता धरलं तर हे इथंच थांबवता यील, पन शुगरवाल्याची किडनी दुसऱ्याला देता येत न्हाई.

मी त्यांना तीनदा इचारलं. तीनदा न्हाईच म्हनाले.

म्हंजे मी बाद. तू जितलीस. एवढी वर्षं त्याला जे लागलं ते मी दिलं, आन खरं द्यायची वेळ आली तर माझ्याजवळ द्यायला काई न्हाई.

गोळ्या चालू केल्यात. गूळ सुनंच्या ताब्यात दिला.

मुक्ता


कर्जत
२७ एप्रिल २०२५

अक्का,

मी हसले नाही. तुमचा कागद यांच्या फायलीत लावून ठेवला.

मग मीही तपासून घेतलं. साखर चांगली, बीपी चांगलं, लघवी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, छान आहे. मला जेवढा आनंद व्हायला पाहिजे तेवढा झाला नाही, आणि का ते सांगते.

तुमचे कागद आल्यापासून हे सकाळी उठून पहिला फोन तुम्हाला करतात. अक्का, गोळी घेतली का? अक्का, किती आली? तुम्ही तिकडे पाझर तलावाच्या रस्त्याने चालता, हे इकडे बाजारतळाला चालतात, आणि फोन कानाला. दोघांचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. काय तर म्हणे अक्का पायांना खोबरेल लावून, कुठे जखम झाली का म्हणून आरशात तळवे बघते. मी इतके महिने यांच्या मागे लागले चाला म्हणून, चालले नाहीत. तुम्हाला शुगर निघाली आणि लागले चालायला. आजारसुद्धा तुम्ही दोघांनी मिळून घेतलात, अक्का. मी तेवढी धडधाकट, बाहेरची.

हे लिहिताना लाज वाटतेय, पण फाडत नाही. धडधाकट असल्याचा कुणाला हेवा वाटेल, इथे मला आजाऱ्यांचा वाटतोय.

चांगलं तेही लिहिते. यांची सूज उतरली. तीन महिन्यांची साखर बरीच खाली आली आणि किडनी आहे तिथे थांबलीये. तुमची अंगठी मी सांधून आणली, पहिल्याच मापाची. रोज आंघोळीनंतर यांच्या बोटात घालून बघते. सहज फिरते. रुतली तर डॉक्टरांकडे जायचं, असं मीच ठरवलंय.

आरती


टाकळी
६ मे २०२५

आरती,

अंगठीचं वाचून मी रडले. त्याच्या बोटाकडं आता माझ्यापरास तुझंच ध्यान जास्त हाय, हे बी कळलं, आन तेवढं मला झोंबलं. झोंबनारच.

एक इचारते. फोनवर इचारता येत न्हाई, शपथ हाय, आन कानिफाला इचारवत न्हाई.

डॉक्टर म्हनाले, सांभाळलं तर माझी टिकंल. मी सांभाळतेय. पन मला आईचं तोंड दिसतं. नाथाची आन घेऊन सांगते, मला भ्या वाटतं. न्हाईच टिकली तर? कानिफाची मागायची सोय न्हाई, पोराच्या अंगावर लेकरं हायत. माझ्या डोळ्यापुढं तू एकटीच धड हायस. तुझं ताट मी कदी गोड मानून खाल्लं न्हाई, तुला घरातली बी मानली न्हाई, तरी तोंड वर करून इचारते.

मला लागली तर तू देशील का गं?

मुक्ता


कर्जत
११ मे २०२५

अक्का,

नाही. देणार नाही.

माझ्याकडे द्यायला एकच आहे आणि ती यांच्यासाठी ठेवलीये. रागावा, दहा जणींना सांगा, पण हे बदलणार नाही. म्हणून तुम्हाला तुमचीच सांभाळावी लागणार. दुसरा रस्ता मी तुम्हाला ठेवलेला नाही. आणि ती तुम्ही नीट सांभाळताय की नाही, हे मी दुसऱ्या कुणावर सोडणार नाही. यांच्यावर तर नाहीच. अक्कांनी एक चिक्की खाल्ली तर हे फोनवर हसतील आणि माझ्यापासून लपवतील.

उद्यापासून सकाळचा फोन मी करणार. यांनी दुपारी करावा. शुगर ताब्यात आहे का, गोळी घेतली का, तळवे बघितले का, लोणच्याला हात लावला का, सगळं मी विचारणार. तुमची शपथ मोडायची गरज नाही. हो असेल तर एकदा खोका, नाही असेल तर दोनदा.

न बोलण्याची शपथ घेतली होतीत, अक्का. ऐकणार नाही असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. फोन उचला.

तुमची,
आरती